बाली की मॉरिशस? आधी महिना सांगा

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं.

तर विषय दिलाय बाली की मॉरिशस, आणि हा प्रश्न मला दर सीझनला भाचे, पुतणे, शेजारच्या काकूंची सून असे कितीतरी जण विचारतात, आणि मी प्रत्येकाला उलट एकच विचारते, महिना कुठला ते सांग. लोक वैतागतात. अगं मावशी, जागा कुठली भारी ते सांग ना, महिन्याचं काय एवढं! अरे बाबांनो, महिन्याचंच तर सगळं आहे.

दोन्ही बेटं विषुववृत्ताच्या खाली. बाली साधारण 8 अंशांवर, मॉरिशस 20 अंशांवर. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होत असते तेव्हा तिकडे पाऊस आटोपून मस्त कोरडी हवा सुरू झालेली असते, आणि आपल्याकडे गुलाबी थंडी असते तेव्हा बालीत धो धो पाऊस नि मॉरिशसला चक्रीवादळांचे दिवस, विशेषतः जानेवारी ते मार्च. आता सांगा, आपल्याकडे लग्नं कधी? तुळशीचं लग्न लागलं की. मग हनिमून कधी? डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. हॉलभर हसताय, पण निम्मे जण असेच जाऊन आलेत.

आम्हीही गेलोच की. जानेवारीत, बालीला, कुटा बीचजवळ हॉटेल. एजंट म्हणाला होता, थोडी रिमझिम असते, रोमँटिक वाटतं. नाव घेत नाही त्याचं. पहिल्या दिवशी पहाटे सहाला हौसेनं अनवाणी वाळूत उतरले तर पायाखाली प्लास्टिकचे कप, स्ट्रॉ, एकेक पायाची चप्पल, झाडाच्या फांद्या, आणि समोर एक ट्रॅक्टर तो सगळा ढीग लोटत चाललेला. हे म्हणाले, जुहू काय वाईट होतं? मग हॉटेलातल्या मुलानं समजावलं की पावसाळ्यात नद्यांतून कचरा समुद्रात येतो आणि पश्चिमेचा वारा तो याच बाजूला आणून टाकतो, दर वर्षीचंच आहे. पलीकडे पूर्वेला सानुरला गेलो तर किनारा बराच स्वच्छ. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

पण गंमत ऐका, ती ट्रिप मला आवडली. कारण बालीचा समुद्र म्हणजे बाली नाहीच मुळी, असं माझं मत. बाली जमिनीवर आहे. सकाळी दुकान उघडायच्या आधी बाई येते, नारळाच्या पानाची तळहाताएवढी चौकोनी टोपली उंबऱ्याशी ठेवते, त्यात फुलं, भाताची चार शितं, कधी बिस्किट, अगदी सिगरेटसुद्धा, वर उदबत्ती, पाणी शिंपडते नि कामाला लागते. चनांग सारी म्हणतात त्याला. फुटपाथवर, हॉटेलच्या काउंटरवर, स्कूटरच्या हँडलवर, सगळीकडे. चुकून पाय पडला की जीव चरकतो, आपलेच संस्कार ना. मग ती भाताची खाचरं, त्यांचं पाणी वाटून घ्यायची सुबक नावाची पद्धत, शेतकरी मिळून ठरवतात आणि पाण्याचा हिशेब देवळाशी जोडलेला, 2012 साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. अशा खाचरांच्या मधल्या उबुड गावी दोन दिवस नुसतं बसून राहिलात तरी पैसे वसूल.

फोटोसाठी जाणाऱ्यांना एक सांगते. लेम्पुयांगच्या देवळाचा तो दरवाजा, खाली आरशासारखं पाणी, तो फोटो सगळ्यांनी बघितलाय. तिथं पाणी नाहीये. एक माणूस तुमच्या मोबाइलखाली आरसा धरतो, आणि त्यासाठी लोक दोन-दोन, तीन-तीन तास लायनीत असतात. आपली पंढरपूरची रांग तरी विठ्ठलासाठी असते हो!

मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपी कधी आहे ते बघून मगच तिकीट काढा. त्यांचं शक संवत्सराचं नवं वर्ष, म्हणजे आपल्या पाडव्याच्याच आसपास येतं. 24 तास बेट बंद. विमानतळसुद्धा बंद, दिवे नाहीत, टुरिस्टलाही हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नाही. आपण ढोल-ताशे लावून शोभायात्रा काढतो, ते गप्प बसतात. मला तर जाम आवडेल, पण तीनच दिवसांच्या ट्रिपमधला एक दिवस असा गेला तर सासूबाई काय म्हणतील?

आता मॉरिशस. इथं उलट, पाणी हेच सगळं. बेटाला जवळजवळ चारही बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिथं लांब फुटतात, एक पांढरी रेघ दिसते नुसती, आणि अलीकडे कमरेएवढं शांत, हिरवट-निळं पाणी. माझी आई 71 वर्षांची, पोहता येत नाही, अलिबागला कधी घोट्याच्या वर गेली नाही, ती तिथं साडी खोचून अर्धा तास पाण्यात उभी. बालीत उलुवाटूच्या बाजूला लाटा सर्फिंगवाल्यांसाठी, तिथं आईला कुठं सोडणार? फक्त मॉरिशसला पाण्यात रबरी बूट घाला, खाली प्रवाळ टोचतो, काटेरी समुद्री प्राणीही असतात. आणि जुलै-ऑगस्टला जाणार असाल तर पूर्व किनारा नको, बेल मारकडे वारा नुसता झोंबतो, पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लॅककडे राहा.

तिथं आपली माणसं आहेत हेही आहेच. 1834 च्या नोव्हेंबरपासून गिरमिटिया मजूर पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरले तो आप्रवासी घाट आजही बघता येतो, आणि त्या मजुरांत कोकणातले मराठीही होते. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, आणि घरी क्रिओल ही तिथली बोली बोलणारी मंडळी गणपतीत झाकडी नाचतात. रस्त्यावर धोलपुरी मिळते, डाळ भरलेली मऊ पोळी, दोन-दोनच्या जोडीनं, आत घेवड्याची उसळ नि लोणचं, कागदात गुंडाळून देतात. आई पहिला घास खाऊन म्हणाली, अगं ही तर पुरणपोळी, गूळ घालायला विसरलेत फक्त.

पण जेवून झालं की करायचं काय? संध्याकाळी दुकानं लवकर बंद, ग्रँड बे हे एक गाव सोडलं तर सामसूम, आणि हॉटेलं महाग. बालीत दिवसभराची गाडी ड्रायव्हरसकट साधारण साडेतीन हजारांच्या आसपास पडते, चांगल्या व्हिलाही परवडतात, रात्री हवी तेवढी मजा. ट्रॅफिक मात्र पुण्याच्या वरताण, चाळीस किलोमीटरला दीड-दोन तास धरून चला. व्हिसाचं म्हणाल तर मॉरिशसला आपल्याला फुकट, बालीला पोचल्यावर 5 लाख रुपिया, शिवाय 2024 पासून दीड लाखाची टुरिस्ट फी. घाबरू नका, लाख रुपिया म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशे रुपये. शाकाहाऱ्यांनी बालीत सांबल नावाच्या तिखट चटणीमध्ये कोळंबीची पेस्ट आहे का ते विचारून घ्या, भाजीतही असते ती.

हां, तिकडे हात वर आहे. काय? लग्न 28 डिसेंबरला आणि मॉरिशस बुक केलंय? अभिनंदन! तारीख बदलता येते का बघ. हॉटेलची म्हणतेय मी, लग्नाची नाही. मेपर्यंत थांबा दोघं, तोवर महाबळेश्वरला जाऊन या.