पसरणीचा घाट आणि हेडरवरचा लेप

वाईहून पाचगणीकडे निघालेली गाडी पसरणीचा घाट चढू लागली की इंजिनाला सारा जोर लावावा लागतो, पण वेग दुसऱ्या गिअरपुरताच राहतो. त्यामुळे बॉनेटखाली वारा खेळत नाही आणि ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून सिलिंडरबाहेर पडणाऱ्या वायूंची धग तिथेच कोंडते. आजच्या गाड्यांच्या रचनेतच या धगीची तजवीज केलेली असते. साठ वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स कारसाठी ती मालकाने आणि मिस्त्रींनी मिळून करावी लागते, आणि साताऱ्यातल्या या लहानशा वर्कशॉपमध्ये हेडरवर, म्हणजे सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावर, लेप देऊन सध्या तेच काम चालले आहे.

समोर उभी असलेली गाडी एमजीबी आहे. इंग्लंडमध्ये १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या या दोन आसनी गाडीचे १७९८ सीसीचे इंजिन इथल्या मिस्त्रींना परके वाटत नाही, कारण आपल्या अँबॅसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातले. दोन्हींमध्ये कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला असतात. पेट्रोल जिथून आत जाते, त्याच्या अगदी खाली जळते लोखंड असते. घाट चढून आलेली गाडी थोडा वेळ थांबवली की उरलेली उष्णता वर चढते, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी पुन्हा सुरू होताना कुरकुरते. अँबॅसेडरचे जुने चालक गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओला फडका टाकत असत, तो याच दुखण्यावरचा उपाय होता.

या गाडीचा मूळ मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणारा ओतीव भाग, बिडाचा होता. त्याच्या जागी आता माइल्ड स्टीलच्या तीन नळ्यांचे हेडर बसणार आहे. इंजिनाला सिलिंडर चार असले तरी मधल्या दोघांचे धुराचे तोंड एकच असल्यामुळे नळ्या तीनच लागतात. बिडाची भिंत जाड असते आणि ती गंज वर्षानुवर्षे सोसते. पातळ नळीला ती सवलत नाही. सुमारे ५७० अंशांच्या पुढे लोखंडावर ऑक्साइडचा एक वेगळा थर तयार होऊ लागतो, तो झपाट्याने जाड होतो आणि गाडी थंड झाली की त्याचे पापुद्रे सुटतात. आतल्या बाजूने पाणी नळी खाते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, आणि गॅरेजमध्ये पाच मिनिटे सुरू करून बंद केलेल्या गाडीत त्यातले बरेचसे नळीतच साचून राहते. जपून ठेवलेल्या गाड्यांची हेडर पुष्कळदा आतून सडतात, ती यामुळे.

इथले दुसरे एक जुने हेडर काळे पडून फोड आलेले आहे, कारण त्यावर कोणीतरी पावडर कोटिंग करून घेतले होते. पावडर कोटिंग स्वतःच साधारण २०० अंशांवर भाजले जाते. फाटकाला किंवा खुर्चीला ते उत्तम असले तरी हेडरवर पहिल्याच चढाला त्याचा धूर होतो. उष्णतेसाठी केलेला सिलिकॉनचा रंग वेगळ्या रीतीने टिकतो. तापल्यावर त्यातला सेंद्रिय भाग जळून जातो, मागे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची जाळी उरते आणि ती अॅल्युमिनियमच्या बारीक चकत्यांना धातूशी धरून ठेवते. अॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते हे ध्यानात ठेवले, तर हा रंग ६०० अंशांच्या आसपासपर्यंतच भरवशाचा का, हे कळते.

जग्वारच्या एक्सके इंजिनांच्या बिडाच्या मॅनिफोल्डवर काचेचा एनॅमल भाजून बसवलेला असे. त्या काळ्या तकाकीइतके देखणे मला या विषयात दुसरे काही दिसलेले नाही. पण तो बिडावर शोभतो. अर्ध्या मीटरची पोलादी नळी ६०० अंशांनी तापली की साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबते, आणि पातळ नळीवरची काच हे ताणणे फार दिवस सोसत नाही. त्यात भर पावसात महाबळेश्वरच्या रस्त्यावरचे पाणी तापल्या नळीवर उडाले तर तिला तडे जाणारच. नळीभोवती गुंडाळायच्या काचतंतूच्या पट्टीविषयी माझे मत याहून कडक आहे: ती धग रोखते खरी, पण कोयनेच्या खोऱ्यात ती ओल धरून ठेवील आणि माइल्ड स्टील पट्टीखाली कोणाला न दिसता कुजेल. म्हणून या हेडरसाठी सिरॅमिकचा पातळ लेप निवडला आहे. तो नळीच्या आतूनही देता येतो आणि वायूंची उष्णता वायूंमध्येच राखून त्यांना सायलेन्सरकडे धाडतो.

लेप किती टिकणार, हे तो लावण्याआधीच ठरते. आपल्याकडे कल्हईवाला नवसागर टाकून भांडे उजळ करीत असे, कारण मळलेल्या तांब्यावर कथील धरत नाही. इथेही नियम तोच आहे. आधी तेल पूर्णपणे काढायचे, मग सँडब्लास्टिंग करून नळी एकसारखी करडी आणि खरखरीत करायची, आणि त्यानंतर तिला उघडा हात लावायचा नाही, कारण बोटांची चिकटही लेपाखाली डाग धरते. फ्लँजची, म्हणजे जोडाच्या पट्ट्यांची, तोंडे आणि आटे टेपने झाकायचे. लेप काही दशांश मिलिमीटर नव्हे, तर मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच द्यायचा. जाड हात फिरवला तर आतली वाफ अडकते आणि फोड येतात. ब्लास्टिंग आणि लेप यांच्यामध्ये पावसाळी हवेतली एक रात्रदेखील जाऊ देत नाहीत, कारण सकाळी त्या करड्या नळीवर तांबूस छटा आलेली दिसते आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

तयार झालेले हेडर आता भट्टीतून भाजून आले आहे, तरीही ते कापडात गुंडाळून फळीवर ठेवले आहे. इंजिन नुकतेच उघडून बांधलेले आहे, आणि त्याचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे राहिले किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडले, तर एक्झॉस्ट नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तापून नवा लेप पहिल्या तासातच करपू शकतो. म्हणून मिस्त्रींनी जुना बिडाचा मॅनिफोल्ड पुन्हा चढवला आहे. टायमिंग आणि कार्बोरेटर जुळून गाडी पसरणीचा घाट एकदा नीट चढून आली, की मगच तो मॅनिफोल्ड उतरेल आणि हेडर चढेल.