लोणार: तळ्याकडे पाठ करून बसलेलं गाव

मंडळी, नमस्कार. अध्यक्षसाहेबांनी माझी ओळख 'लोणारचे अभ्यासक' म्हणून करून दिली, ती आधी दुरुस्त करतो. मी अभ्यासक-बिभ्यासक काही नाही, मी कंडक्टर. एसटीत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर-लोणार अशा फेऱ्यांत गेली आणि 2024 ला रिटायर झालो. मला जे माहीत आहे त्यातलं अर्धं पॅसेंजरनी सांगितलेलं, अर्धं मुक्कामी गाडीवर असताना सकाळी पायी फिरून पाहिलेलं, आणि थोडंफार आपल्या ह्याच वाचनालयाच्या कपाटातलं. त्यामुळं चुकलो तर मागच्या रांगेतल्या सरांनी हात वर करावा, लाजू नये.

लोणारच्या स्टँडवर बाहेरचा माणूस उतरला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "सरोवर कुठंय?" आणि तो असा इकडं तिकडं पाहतो जसं काही समुद्र दिसायला पाहिजे. दिसत काहीच नाही. चहाच्या टपऱ्या, झेरॉक्स, कृषी केंद्र, मोटरसायकली, आपल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात असतं ते सगळं. मग माणूस विचारत विचारत चालत जातो आणि एका जागी जमीन एकदम संपते. खाली हिरवं रान आणि मधात तळं. काठापासून काठापर्यंत 1.8 किलोमीटर आणि काठापासून खाली सुमारे 137 मीटर. आता 137 मीटर म्हणजे किती, तर दिल्लीचा कुतुबमिनार एकावर एक दोनदा ठेवला तर दुसऱ्याचं नुसतं टोक वर निघंल एवढं. माझी पोरगी लहान असताना पहिल्यांदा पाहून म्हणाली, "बाबा, एवढं कोणी खोदलं?" बरोबर प्रश्न आहे, कारण आपल्या विदर्भात तळं म्हटलं की कोणीतरी खोदलेलं असतं. तिकडं भंडारा-गोंदियाकडं जा, कोहळी लोकांनी मातीचे बांध घालून तलाव केले, त्यांच्यावर धान पिकतं, ढीवर मासे धरतात. तिथं आधी तलाव आणि त्याच्या जिवावर गाव. लोणारचं उलटं आहे. हे तळं वरून आलेल्या दगडानं केलं आणि माणसाच्या कामाचं काहीच ठेवलं नाही.

1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ह्याची नोंद केली. पुढं कितीतरी वर्षं मोठमोठे लोक ह्याला ज्वालामुखीचं तोंडच म्हणत होते, आणि त्यांचं तरी काय चुकलं, आपली सगळी जमीनच लाव्हाची, काळा बेसाल्ट. 1973 साली खाली ड्रिलिंग करून काढलेल्या खडकात आघातानं काच झालेले कण सापडले तेव्हा उल्का पक्की झाली. वय मात्र अजून भांडणातच आहे, एक मोजणी म्हणते 52 हजार वर्षं, दुसरी म्हणते 5 लाख 70 हजार. पाच लाख वर्षांचा फरक! आणि आमची गाडी दहा मिनिटं लेट झाली की लोक कंट्रोलरच्या खिडकीवर धावून जायचे.

हे सगळं तुम्हाला कोणताही गाईड सांगंल. मला बोलायचंय गावाबद्दल, कारण येणारे तळं पाहून जातात आणि गाव पाहत नाहीत.

तळ्याचं पाणी खारं आणि अल्कधर्मी, सामू, म्हणजे pH, दहाच्या आसपास. म्हणजे ते पिता येत नाही, शेताला देता येत नाही, त्यात मासे पाळता येत नाहीत. भर तळ्याच्या काठी राहून गावाला त्यातला एक तांब्या उपयोगाचा नाही. एका काळात उपयोग होता, तो पाण्याचा नाही, क्षाराचा. अकबराच्या वेळच्या आईने-अकबरीत वऱ्हाडाच्या वर्णनात लोणार आहे, तिथं काच आणि साबण करायला लागतं ते सगळं मिळतं असं लिहिलंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर क्षार जमायचा आणि त्याच्या प्रतीप्रमाणं नावं होती, डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. बर्फाला शंभर शब्द असतात म्हणतात कुठं कुठं, आपल्याकडं खाराला होते. तो धंदा गेला, शब्दही गेले, आता तिथल्या पोट्ट्यांना विचारा खुप्पल म्हणजे काय, ते मोबाइलमधून मान वर करणार नाहीत.

मग गाव तिथं बसलं कशाच्या भरवशावर? माझ्या मते धारेच्या. काठावरच गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते, बारमाही. खाली खारट तळं आणि वर त्याच्या ओठावर गोडं पाणी, अशी ही गंमत आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा मुक्कामी गाडी असली की ड्रायव्हर आणि मी पहाटे टॉवेल खांद्यावर टाकून धारेवर जायचो. जानेवारीत ते पाणी अंगाला कोमट लागायचं, डोक्यावर अशी जाड धार पडायची की मानेचा दिवसभराचा ताण निघून जायचा. तिथं यात्रेकरू असायचे, गावातले म्हातारे असायचे, एखादा शेतकरी बैल बाजाराला जाता जाता थांबलेला असायचा, आणि कपडे वाळत टाकायच्या जागेवरून बायांची बारीक भांडणं चालायची. तीर्थ म्हणा, न्हाणीघर म्हणा, चावडी म्हणा. नगरपरिषदा व्हायच्या शेकडो वर्षं आधीची ही सार्वजनिक सोय, आणि हिला ना टेंडर लागलं ना उद्घाटन.

जुन्या लोकांनी सोयीसुद्धा कशा केल्या पाहा. गावात लिंबी बारव आहे, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायचं. भर वस्तीत दैत्यसूदनाचं मंदिर आहे, लोणासुराला मारणाऱ्या विष्णूचं, तारेच्या आकाराचं, बाहेरून एवढं कोरलेलं की मान दुखते. थोडं पुढं गेलं की निजलेला मोठा मारुती, आणि त्याच्याजवळ अंबर तळं, मोठ्या तळ्याचं लहान भावंड म्हणतात त्याला. म्हणजे देव, पाणी आणि बसायला सावली हे सगळं एका जागी. आत्ताच्या भाषेत ह्याला कम्युनिटी सेंटर म्हणतात आणि त्यासाठी वेगळा निधी मागावा लागतो.

आता नगरपरिषद. चाळीस हजारांच्या खाली लोकसंख्या असलेली, म्हणजे 'क' वर्ग. 1965 च्या कायद्यात नगरपरिषदेची बांधील कामं लिहून ठेवली आहेत, दिवे, गटारं, पाणी, सार्वजनिक संडास, स्मशान. यादी वाचली की वाटतं जन्मापासून मरेपर्यंतची व्यवस्था लागली. पण 'क' वर्गाचा पैसा किती आणि जबाबदारी किती ह्याचा हिशोब करा. बाकीच्या 'क' वर्ग गावांना आपापलं गटार सांभाळलं की झालं. लोणारला तसं नाही, आणि हे नीट ऐका, कारण इथंच खरी मेख आहे.

ह्या तळ्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. झऱ्याचं येतं, पावसाचं येतं, आणि जातं ते फक्त वाफ होऊन. वाफेबरोबर क्षार जात नाही, म्हणून तर ते खारं झालं. मग गावाचं सांडपाणी उताराला लागून तिकडं गेलं तर त्यातलं जे असंल ते तिथंच राहणार. नदीकाठच्या गावाची घाण पुढच्या गावाची डोकेदुखी होते, वाईट आहे पण वाहून तर जाते. इथं पुढचं गावच नाही. म्हणून तर हे प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. एका तालुक्याच्या गावाचं गटार हायकोर्टात! आपण हसतो, पण तिथली नाली ही नुसती नाली नाही, ती त्या तळ्याच्या तब्येतीचा भाग आहे.

2020 चा जून आठवा. लॉकडाऊन, गाड्या बंद, मी घरी, आणि फोनवर फोटो यायला लागले की तळं गुलाबी झालं. पुण्याच्या साडूचा फोन, "अहो काय केलंत तुम्ही तिकडं?" जसं काही मीच रंग टाकला. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या लोकांनी नमुने तपासून सांगितलं की हे अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आहेत, हॅलोआर्किया, त्यांचा तो रंग. पाणी उतरलं, खारटपणा वाढला आणि त्यांची चैन झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळ्याला रामसरचा दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव लागलं, नाशिककडच्या नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं. तेव्हा एक आजोबा गाडीत छातीठोक सांगत होते की रामाचं सरोवर म्हणून रामसर. मी काही बोललो नाही. खरं तर रामसर हे इराणमधलं कॅस्पियन समुद्राच्या काठचं एक लहान गाव, 1971 ला तिथं पाणथळ जागांचा करार झाला म्हणून ते नाव. म्हणजे एका पाणीकाठच्या गावाचं नाव दुसऱ्याला लागलं, मला तर हे आजोबांच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडलं.

दर्जा मिळाला, बोर्ड लागले, समृद्धी महामार्ग मेहकरजवळून गेला, 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी सुरू झाला आणि मुंबईच्या गाड्या दिसायला लागल्या. पण लांबून आलेल्या बाईला सगळ्यात आधी काय लागतं हे कंडक्टरला विचारा. तिला उल्का नको असते, तिला संडास पाहिजे असतो. एका स्टँडवर, नाव घेत नाही, संडासाला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडं तो जेवायला गेलेला. एक बाई बिचारी तीन तासाचा प्रवास करून आलेली, मला म्हणाली, "दादा, काही करा ना." मी काय करणार, जवळच्या ओळखीच्या घरी नेऊन सोडलं, गाडी आठ मिनिटं थांबवली, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या. जागतिक दर्जाच्या गप्पा चालल्या की मला ते कुलूप दिसतं, पितळी होतं, चांगलं मोठं. आणि जी सोय पाहुण्याला लागते तीच बाजाराला आलेल्या खेड्यातल्या बाईलाही लागते, तिच्यासाठी वेगळं काही बांधायचं नाही.

एसटीचं तर मी बोलणारच, माझं अन्न आहे ते. लोणारला रेल्वे नाही, गाडी धरायची तर जालन्याला जा. कॉलेजची पोरं, दवाखान्याचे पेशंट, तहसीलच्या तारखा, सगळं एसटीवर. 2022 ला पंचाहत्तरीच्या वरच्यांना प्रवास फुकट झाला आणि 2023 ला बायांना अर्धं तिकीट, तेव्हा मी गाडीत माणसं बदललेली पाहिली. ज्या म्हाताऱ्या पोरानं आणलं तरच बाहेर पडायच्या त्या एकट्या निघाल्या, नातेवाइकांकडं, देवाला, काही तर उगीच.

त्यातली एक आजी मला फार आधीपासूनची माहीत. धारेचं पाणी पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये भरून मेहकरला लेकीकडं न्यायची, नातवाला बरं वाटतं म्हणून. पहिल्यांदा चढली तेव्हा नवीन होतो, नियम डोक्यात, म्हटलं आजी, लगेज. ती म्हणे, "पाण्याचं तिकीट? अरे माय, धारेनं घेतलं नाही तं तू घेतं का?" सगळी गाडी हसली. मी पंचिंगची कात्री खिशात ठेवली. परत कधी विचारलं नाही, उलट कॅन वर चढवून द्यायचो.

बरं, वेळ झालीये, चहा उकळायला लागलाय तिकडं, वास येतोय. मघाशी एका ताईनं चिठ्ठी पाठवली होती सासू-सुनेच्या विहिरीबद्दल, तेवढं सांगतो. खाली कमळजा देवीच्या देवळाजवळ, नवरात्रात जिथं यात्रा भरते तिथं, ती विहीर आहे. तळ्याचं पाणी वाढलं की बुडते, उतरलं की दिसते. एका अंगाचं पाणी गोड आणि दुसऱ्या अंगाचं खारं असं सांगतात. ताईचा प्रश्न आहे की गोड अंग सासूचं की सुनेचं. मी गाडीतल्या कितीतरी बायांना विचारलंय ताई, आणि उत्तर कधी चुकलं नाही, म्हातारीनं सासूचं सांगितलं आणि तरणीनं सुनेचं. एकीचं तेव्हढं मधातलं वय होतं, घरी सासूही आणि सूनही. ती खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "भाऊ, मला उतरायचंय, बेल मारा."