चार प्राध्यापकांचं पत्र

देसाईगंज. इकडची माणसं याला वडसाच म्हणतात. आज गडचिरोली जिल्हा. १९७२ साली हा भाग चंद्रपुरात होता.

२६ मार्चची रात्र. चौकीत जबान्या आटोपल्या, साडेदहा वाजून गेले. पोलिसांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. एका मुलीला तेवढं थांबवून घेतलं. आदिवासी, आईबाप नसलेली, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. सोबतची माणसं बाहेर घुटमळली. थोड्या वेळाने त्यांना दिसलं, चौकीतले दिवे मालवलेत आणि दार आतून लावलंय.

आरोप बलात्काराचा, आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली: भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा निर्दोष ठरवलं. मुलीच्या अंगावर जखम नव्हती, आणि तिने आरडाओरड केली हे न्यायालयाला पटलं नाही.

बरोबर एक वर्ष आणि एका दिवसाने सरन्यायाधीशांच्या नावे एक खुलं पत्र निघालं. खाली चार सह्या. दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. फौजदारी प्रक्रिया 'केळकरां'च्या पुस्तकातून वाचून एलएलबी झालेल्यांना यातलं एक नाव तरी ओळखीचं वाटेल.

कायद्याचे प्राध्यापक निकालावर टीका करतात ती सहसा नियतकालिकात, तळटिपांसह. ही थेट न्यायालयाच्या दारात होती. बंद चौकीत, वर्दीतल्या माणसापुढे पोर निमूट राहिली, तर त्या निमूटपणाला संमती कसं म्हणायचं? आणि मुळात रात्री तिला चौकीत थांबवलंच का? निकालाच्याच वर्षी, १९७८ च्या एप्रिलमध्ये, ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात, बायकांना चौकीवर बोलावण्याबद्दल याच न्यायालयाने पोलिसांना सुनावलं होतं. या निकालात मात्र त्यावर अवाक्षर नाही. पत्रातला हा सर्वांत बोचरा मुद्दा, असं आम्हाला वाटतं.

पुढे देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला, पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं. पोलीस कोठडीतल्या अशा गुन्ह्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असं बाईने साक्षीत सांगितलं, तर न्यायालयाने तसंच धरून चालायचं. उलट सिद्ध करणं आरोपीकडे.

त्याच दुरुस्तीने पीडितेचं नाव छापायलाही बंदी आली. म्हणून आम्ही ते घेतलेलं नाही. खटला मात्र अजून तिच्याच नावाने ओळखला जातो. निकालाचा पुनर्विचार करायला न्यायालयाने नकार दिला होता. ते दोघे सुटले ते सुटलेच.