मधेच बंद करता येत नाही

(पाडवा मेळावा, मेलबर्न, २ एप्रिल २०२२. भाषणाचा संपादित मजकूर.)

नमस्कार मंडळी. पाडव्याच्या तुम्हा सगळ्यांना मनापासून शुभेच्छा.

मंगळवारी रात्री जेवताना आमच्याकडे वाद झाला. विषय आजचाच होता. मी म्हटलं, शनिवारी दुपारी तीनला निघायचं, सगळ्यांनी. माझ्या तेरा वर्षांच्या मुलानं ताटातून मान वर न करता विचारलं, "आई, लिंक आहे ना? घरीच बघू या की." मी म्हटलं, लिंक आहे, पण आपण जाणार आहोत. तर म्हणाला, "तिथं गेलं की मधेच बंद करता येत नाही."

मी चिडले. नको ते बोलले. त्याचे बाबा मधे पडले, मग आमची दोघांची जुंपली. शेवटी माझी आई म्हणाली, "अगं, पोरगं खरं बोललं, त्यात रागवायचं काय?" आई जानेवारीत साताऱ्याहून आली, आज पहिल्या रांगेत बसली आहे. मी भांडी घासायला उठले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आज इथं उभी राहूनही तेच आहे डोक्यात, म्हणून ठरवलेलं भाषण बाजूला ठेवून त्याबद्दलच बोलते.

हा मुलगा अकरा वर्षांचा होता तेव्हा आपण २०२० च्या पाडव्यासाठी बालनाट्य बसवत होतो. जानेवारीपासून दर रविवारी तालीम. तो प्रधानजी होता. स्वतःची वाक्यं तर पाठ होतीच, राजाची, दासीची, अगदी दवंडीवाल्याचीही पाठ होती. कुणी अडखळलं की हा खालून सांगायचा. आईनं साताऱ्याहून त्याच्यासाठी अंगरखा शिवून पाठवला होता. लाल सॅटिनचा, गळ्याला आणि बाह्यांना जरीची पट्टी. पार्सल आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः पोस्टात जाऊन केलं. आत आईची चिठ्ठी होती, "वाढतं अंग आहे, म्हणून शिवणीत दोन इंच माया ठेवली आहे."

१८ मार्चला शंभराहून जास्त माणसांनी एका छपराखाली जमायचं नाही असा आदेश आला. २० मार्चला देशाच्या सीमा बंद झाल्या. पाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवसापासून भारतातही सगळं बंद झालं. अंगरखा इस्त्री करून हँगरला लावलेला होता. दोन-तीन आठवडे तो तसाच दाराला लटकत होता, मग मी कपाटात ठेवला. आपल्याला तेव्हा वाटलं होतं की दिवाळीत करू.

पुढचं तुम्हाला मी सांगायला नको. सहा वेळा बंद, एकूण २६२ दिवस. पाच किलोमीटरच्या वर्तुळात आपण राहिलो. टार्नीटचे टार्नीटला, क्लेटनचे क्लेटनला. २०२० चे गणपती २२ ऑगस्टला आले तेव्हा रात्री आठनंतर घराबाहेर पडायला बंदी होती. २०२१ चे १० सप्टेंबरला आले, तेव्हाही आपण आतच. लागोपाठ दोन गणपती आपण व्हिडिओ कॉलच्या चौकोनांत बसून केले.

ती पहिल्या वर्षीची आरती आठवते? सगळे एकदम म्हणायला लागलो आणि प्रत्येक घराचा आवाज वेगळ्या वेळेला पोचायला लागला. एकाचं कडवं संपतंय, दुसऱ्याचं सुरू होतंय, टाळ कुठल्या कुठे. ताल राखायचा तर दोन माणसांमधला उशीर कानाला जाणवेल एवढा असून चालत नाही, आणि तिथं तर सहज जाणवत होता. शेवटी सगळ्यांना म्यूट केलं आणि एकाच घरची आरती ऐकू येऊ दिली. म्हणजे त्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी ओठ हलवले, हात जोडले, पण प्रत्येकानं आपापल्या घरात एकट्यानंच आरती म्हटली.

आपल्या गाणाऱ्या ताईंनी नंतर कोजागरीला मैफल केली, तेव्हाची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. त्यांनी तंबोरा लावला, आणि आपल्याला तो ऐकूच येईना. त्या बिचाऱ्या विचारताहेत, "येतोय का आवाज?" गाणं येत होतं, तंबोरा नव्हता. एका पोरानं शोधून काढलं, की सलग चालणारा सूर त्या प्रणालीला पंख्याचा किंवा गाडीचा आवाज वाटतो आणि तो ती आपणहून पुसून टाकते. सेटिंग बदलल्यावर आला, पण मला तेव्हा कसंतरी झालं. ज्याच्या आधारानं सगळं गाणं उभं राहायचं तोच सूर गोंगाट म्हणून बाहेर ठेवला होता, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना तो नाही हे कळलंही नव्हतं. गेली दोन वर्षं आपलं असंच काहीसं झालं आहे असं मला वाटतं. कार्यक्रम येत राहिले. आजूबाजूला माणसं असण्याचा जो सलग सूर असतो, शेजारच्या खुर्चीतलं खाकरणं, मागच्या रांगेतलं कुजबुजणं, मध्यंतरात वड्यांचा वास, तो गेला. आणि गेला हे मुलांना कसं कळावं?

वादात मी मुलाला एमसीजीवरच्या, म्हणजे मेलबर्न क्रिकेट मैदानावरच्या, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीची आठवण दिली. डिसेंबर २०२० मध्ये दिवसाला तीस हजार माणसांना आत सोडत होते. एवढं अवाढव्य मैदान, निम्म्याहून कितीतरी जास्त रिकामं. ॲडलेडला आपण ३६ धावांत गुंडाळले गेलो होतो. आणि इथं अजिंक्य रहाणेनं शतक केलं, तेव्हा हा माझा मुलगा अनोळखी माणसांना मिठ्या मारत होता. दोन दिवस घसा बसला होता त्याचा. मी म्हटलं, तेव्हा आलं होतं का तुझ्या मनात, मधेच बंद करावं म्हणून? तो म्हणाला, "ती मॅच होती, आई." पुढं माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मी जे सांगणार आहे ते या व्यासपीठावर सांगावं की नाही, हा विचार मी बरेच दिवस केला.

आमचे अण्णा गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला गेले. ती दुसरी लाट तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरावरून गेली आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही. मला जाता आलं नाही. चुलतभावानं फोन हातात धरून मला सगळं दाखवलं. त्याचा हात थरथरत होता, चित्र हलत होतं. मंत्र चालू होते. आणि अग्नी द्यायच्या वेळी पडदा थांबला. गोल गोल फिरणारं ते चिन्ह, आणि मग काहीच नाही. पुन्हा लागला तेव्हा भाऊ परतीच्या वाटेवर होता.

मधेच बंद होणं म्हणजे काय, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

इथं तेव्हा नुकताच चौथा लॉकडाउन लागला होता. कुणाला कुणाच्या घरात जायला परवानगी नव्हती. संध्याकाळी दारावर टकटक झाली. उघडलं तर पायरीवर डबा, पिठलं-भाताचा, वर पंचा गुंडाळलेला. आणि समोर रस्त्यापलीकडे, टपालपेटीजवळ, आपल्या मंडळातली चौघं मास्क लावून, एकमेकांपासून हात-दोन हात अंतर ठेवून उभी. कुणी काही बोललं नाही. हात जोडले आणि उभी राहिली. थंडी होती, अंधार पडायला लागला होता. मी दारात, ते तिकडे. पंधरा मिनिटं तरी उभे असतील. त्यांनाही निघता येईना, मलाही दार लावता येईना.

तुमची नावं मी घेत नाही, तुम्ही सभागृहात आहात. पण मुलाच्या त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर असलंच तर ते त्या पंधरा मिनिटांत आहे. मधेच बंद करता येत नाही, म्हणूनच तर यायचं असतं. समोरच्या घरातल्या पोरीचं गाणं बेसूर झालं तरी शेवटपर्यंत ऐकायचं. अध्यक्षांचं भाषण लांबलं तरी बसायचं. ती पोरगी वर उभी राहून बघत असते, की माणसं बसली आहेत. तिला तेवढं पुरतं.

हे मंगळवारी मला सुचलं नाही. आज सुचतंय, आणि तो ऐकतोय की नाही मला माहीत नाही.

त्या सगळ्या काळात आपल्या आई-वडिलांना इथं येता येत नव्हतं, कारण नियमाच्या लेखी ते आपलं जवळचं कुटुंब नव्हते. बायको-नवरा जवळचे, अवलंबून असलेलं मूल जवळचं, आई-बाप नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती व्याख्या बदलली, म्हणून आज माझी आई इथं आहे. कितीतरी जणांना ती व्याख्या उशिरा बदलली. मला ते अजून पचलेलं नाही, आणि पचवायचंही नाही.

मेलबर्न शेवटचं उघडलं ते २१ ऑक्टोबरच्या मध्यरात्री. म्हणजे २२ ऑक्टोबर २०२१. त्याच २२ ऑक्टोबरला महाराष्ट्रातली नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांवर पुन्हा सुरू झाली. त्याआधी एकदा २०२० च्या ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला, परवानगी मिळाली होती आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप लागलं. या दोन वर्षांत नेपथ्य लावणारे, प्रकाशयोजनेवर बसणारे, कपडेपट सांभाळणारे यांच्या घरात काय झालं ते आपण बातम्यांतून वाचलं. दौऱ्यावर नाटक येतं तेव्हा ज्यांची नावं आपण टाळ्यांच्या गजरात नीट ऐकतही नाही, तीच ही माणसं. पाडव्याच्या तोंडावर तिकडचे सगळे निर्बंध उठले. आत्ता तिथं सकाळचे साडेदहा वाजलेत, गिरगावात, डोंबिवलीत शोभायात्रा निघाल्या असतील. दोन वर्षांनी ढोल वाजत असेल.

आणि आपण? गर्दीवरची मर्यादा १८ फेब्रुवारीला उठली. मास्कची सक्ती त्यानंतर आठवड्याभरात गेली. दाराशी लसीचं प्रमाणपत्र तेवढं अजून दाखवावं लागतं. आता बाहेरून आपल्याला कुणी अडवत नाहीये. तरी या मेळाव्यासाठी फोन केले तेव्हा पहिला प्रश्न काय यायचा? "लिंक पाठवणार ना?" दहा मिनिटांवर राहणारी माणसं! तुम्हीच होतात ना ते, नोव्हेंबरात एकमेकांना भेटून रडलेले? स्वयंसेवकांच्या यादीत पूर्वी पान भरायचं. या वेळी दोन आठवडे चारच नावं होती, आणि ती चौघंही साठीच्या पुढची. आज सकाळी खुर्च्या कुणी लावल्या ते विचारा. मी रागावून बोलत नाहीये. पण जेवणाच्या वेळेला येणं आणि प्रार्थनेच्या वेळेला येणं यात फरक आहे, आणि तो मुलांना आपल्याकडे बघूनच कळतो. माझ्या मुलानं ते वाक्य कुठून आणलं? लिंक लावून आवाज बंद करून स्वयंपाक करत बसलेली आई त्यानं दोन वर्षं बघितली आहे.

लिंक नकोच, असं मी म्हणणार नाही. समितीत यावर बरंच बोलणं झालं. आपल्यातल्या एका काकांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय, गर्दी त्यांना परवडणारी नाही. एक मुलगी पंधरा दिवसांपूर्वी बाळंत झाली. इथून लांब बेंडिगोला राहणाऱ्या आजी आहेत, दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपले सगळे कार्यक्रम बघता आले. त्या मला म्हणाल्या, "तुमचं उघडलं की आमचं बंद होणार का गं?" त्यांना काय सांगायचं? म्हणून आज लिंक ठेवली आहे. काका, आजी, तुम्ही बघत असाल तर तुम्हालाही पाडव्याचा नमस्कार. पण ज्यांच्यासाठी ती ठेवली ते, आणि जे नुसते आळसानं घरी बसलेत ते, यांना वेगळं कसं करायचं हे आम्हाला समजलेलं नाही.

आता त्या अंगरख्याचं सांगते. आजच्या नाटकासाठी मी तो कपाटातून काढला. मुलगा आता प्रधानजी होणार नाही, हे मला माहीत होतं. आवाज फुटलाय, मिसरूड आलंय. अकरा ते तेरा ही नाटकात मनापासून उड्या मारायची शेवटची वर्षं, ती त्याची घरात गेली. त्याच्या वयाची अशी आठ-दहा मुलं आपल्या मंडळात आहेत. लहान मुलांत बसायला मोठी, मोठ्यांत बसायला लहान. दोन वर्षांपूर्वी ती सगळी या रंगमंचावर होती. आज त्यांतली किती आली आहेत, मी मघाशी मोजली. मुलगा धरून तीन.

तरी आईनं हट्टानं त्याला अंगरखा घालून बघायला लावला. तिनं शिवण उसवली, ठेवलेली सगळी माया सोडली. आत दडलेलं कापड अजून लालभडक होतं, बाहेरचं थोडं उडालेलं, त्यामुळे कुशीवरून एक गडद पट्टा उतरला. खांद्यात तरीही बसला नाही. हात वर करायला सांगितले तर काखेत टरकला. तो हसला नाही, चिडला नाही. सावकाश काढून घडी करून आजीच्या हातात दिला. आईनं तो काखेत रफू करून पुन्हा आत घेतला. आज आठ वर्षांचा प्रधानजी तो घालणार आहे. कुशीवरचा गडद पट्टा तुम्हाला दिसेल.

आज निघताना मी मुलाला विचारलं, प्रॉम्प्टिंगला बसशील का? सगळ्यांची वाक्यं तुला पाठ होती. तो म्हणाला, "बघतो." तो आलाय, शेवटच्या रांगेत दाराजवळ जाकीट घालून बसला आहे. संहितेची एक प्रत मी उजव्या विंगेत स्टुलावर ठेवली आहे.

दुसरी घंटा झाली. मी आता खाली उतरते. प्रत अजून स्टुलावरच आहे.