माग जुना, कांडी नवी

श्रोतेहो, नमस्कार.

आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप संगणक सकाळी सुरू करून चहा टाकायला जावे, तो उकळून, गाळून, पिऊन परत यावे आणि तरीही पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असावे, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. अशा संगणकावर हिशेब, पत्रव्यवहार, जीएसटीची विवरणपत्रे, एक्सेलचे तक्ते अशी रोजची कामे करणाऱ्यांनी त्यातील नेमका कोणता भाग बदलावा, याविषयी मी आज बोलणार आहे. गेम खेळणाऱ्यांचा आणि व्हिडिओचे संपादन करणाऱ्यांचा विचार येथे केलेला नाही. त्यांचा खर्च वेगळा आणि हौसही वेगळी.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, पुढेही ती पुन्हा सांगेन. संगणक आधी कुठे अडतो ते पाहावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सोलापुरातील अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीतून मला बोलावणे आले. टॉवेलचा कारखाना, खाली यंत्रमागांची शेड आणि लोखंडी जिन्याने वर गेले की दहा बाय बाराचे ऑफिस. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. अण्णांच्या टेबलावर एक कोटेशन होते: नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी), नवी रॅम (चालू काम तात्पुरते ठेवण्याची जागा), ग्राफिक्स कार्ड आणि बाजूला काच असलेला, आत रंगीत दिवे लुकलुकणारा कॅबिनेट, असे मिळून पंचावन्न हजार रुपये. (हिशेबाच्या संगणकाला रंगीत दिवे कशासाठी लागतात, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. सोलापूरच्या धुळीत त्या काचेतून दोन महिन्यांनी फक्त धूळ दिसते, तीही रंगीत.) अण्णा म्हणाले, "सर, एवढे पैसे घालायचे की नाही, तेवढं तुम्ही सांगा."

संगणक २०१३ साली जुळवून घेतलेला होता. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. हिशेब पाहणाऱ्या मॅडमची तक्रार मात्र एक नव्हती, दोन होत्या. सकाळी संगणक सुरू व्हायला चार मिनिटे लागत. आणि एकदा सुरू झाल्यावर दुपारपर्यंत बरा चालला, तरी दोन वाजल्यानंतर तो असा काही मंदावे की बिल छापायला दिल्यावर मॅडम तेवढ्या वेळात डबा धुऊन येत. हे दुपारचे दुखणे ऐकून मी चक्रावलो, कारण संगणकाला घड्याळ कळत असले तरी वामकुक्षीची सवय असल्याचे मी ऐकले नव्हते.

आधी सकाळचे दुखणे पाहिले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तो प्रत्येक विंडोजमध्ये असतो आणि फुकट असतो. त्यात प्रोसेसर जेमतेम बारा-पंधरा टक्के वापरात दिसत होता, डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर चिकटून बसली होती. मी अण्णांना समजावू लागलो. अशी डिस्क मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फायली तबकडीवरच्या वेगवेगळ्या जागांवरून उचलाव्या लागतात, प्रत्येक वेळी डिस्कचे टोक त्या जागेवर नेऊन तबकडी फिरून येण्याची वाट पाहावी लागते, आणि तोवर प्रोसेसर हात बांधून उभा असतो. अण्णांनी मला मध्येच थांबवले आणि म्हणाले, "म्हणजे माग चांगला आहे, कांडी वेळेवर येत नाही म्हणा की!"

श्रोतेहो, वीस वर्षे मी हे शिकवत आलो, पण इतक्या थोडक्या शब्दांत मला ते कधी सांगता आले नव्हते. माग कितीही वेगाचा असला तरी कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी, संपली आणि भरलेली दुसरी हाताशी नसली, तर तो उभा राहतो; अशा वेळी नवा माग आणला तर तोही उभाच राहणार. कांडी वेळेवर मिळावी यासाठी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, बसवायची. तिच्यात फिरणारे काहीच नसते, त्यामुळे फेरीची वाट पाहावी लागत नाही. जुनी डिस्क सेकंदाला शंभरेक ठिकाणांहून माहिती उचलते, तेथे साधी एसएसडीही हजारो ठिकाणांहून उचलते.

आता दुपारचे दुखणे. जेवणानंतर टास्क मॅनेजर पुन्हा उघडला, तेव्हा ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १.६ वर येऊन रेंगाळत होता. बाहेर पारा बेचाळीसच्या वर, ऑफिसचे पत्रे तापलेले, आणि कॅबिनेटला हात लावला तर तो तव्यासारखा. मी संगणक बंद केला, वायर काढली आणि बाजूचा पत्रा उघडला. प्रोसेसरवरचा पंखा मला दिसलाच नाही. त्याच्या जागी करड्या-पांढऱ्या रंगाची, बोटभर जाडीची एक मऊ गादी होती. खालच्या शेडमधला कापसाचा तंतू दहा वर्षे जिना चढून वर येत होता आणि पंखा तो इमानेइतबारे ओढून हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांवर थापत होता. मी ती गादी चिमट्याने एकसंध उचलली. अण्णांनी ती तळहातावर घेतली, अंगठ्याने दाबून पाहिली, आणि म्हणाले, "सर, हे तर आमच्याच मागावरचं!" मॅडम इतक्या हसल्या की खालून दोन कामगार काय झाले म्हणून वर आले.

हवा मिळेनाशी झाली की प्रोसेसर तापतो, आणि शंभर अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. सकाळी खोली थंड असताना हे होत नसे, दुपारी होत असे. वामकुक्षीचे रहस्य एवढेच होते. पंख्याला बोट लावून तो फिरू न देता ब्लोअरने आणि मऊ ब्रशने सगळे साफ केले, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी, पण वाळून खपली झालेली थर्मल पेस्ट पुसली आणि तुरीच्या डाळीएवढी नवी लावली. आपण दिवाळीला माळा झाडतो, फॅनची पाती पुसतो, देवघरातील समया घासतो. या खोक्याचा पत्रा मात्र बारा वर्षांत एकदाही उघडत नाही.

येथवर मी शहाणा ठरलो होतो. ४ जीबी रॅम तोकडी होती, म्हणून ती वाढवण्यासाठी नवी पेठेतल्या दुकानात गेलो, तेव्हा ते शहाणपण संपले. बोर्डावर डीडीआर-३ जातीची रॅम होती आणि मी घाईत, चष्मा खिशात ठेवून, डीडीआर-४ घेऊन आलो. दोन्ही पट्ट्या लांबीला सारख्याच दिसतात, पण खालची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. अण्णांचा पुतण्या उत्साहाने अंगठ्यांनी दाबू लागला होता. मी ओरडलो नसतो तर स्लॉट मोडला असता. दुकानदाराने पट्टी बदलून दिली, पण एमआयडीसी ते नवी पेठ अशी भर दुपारची एक फेरी माझ्या नावावर पडली.

एसएसडी, ८ जीबी रॅम आणि पेस्ट मिळून पाच हजारांच्या आत काम झाले. चार मिनिटांची सुरुवात अर्ध्या मिनिटावर आली. त्या जुन्या बोर्डावर एसएसडीला तिच्या निम्म्याच वेगाची वाट मिळते, तरीही हा फरक पडला. जुनी हार्ड डिस्क फेकली नाही. ती हिशेबाच्या प्रती ठेवण्यासाठी आतच राहू दिली.

आता थोडक्यात क्रम सांगतो. प्रथम सफाई, कारण तिला पैसे लागत नाहीत. मग एसएसडी, पण त्याआधी सगळ्या कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. मग रॅम, कार्यालयीन कामाला ८ जीबी चालते, ब्राउझरमध्ये वीस-वीस पाने उघडी ठेवण्याची सवय असेल तर १६ घ्यावी, आणि विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम तिला वापरता येत नाही, हे आधी तपासावे. ग्राफिक्स कार्ड या कामासाठी नको. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी ती पेटी, नाव नसलेली आणि हाताला हलकी लागत असेल तर बदलावी, कारण ती जाते तेव्हा कधीकधी बोर्डही घेऊन जाते. संगणक रोज जुनीच तारीख दाखवत असेल आणि त्यामुळे बँकेची पाने उघडत नसतील, तर बोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. आणि पैसे उरलेच, तर माझ्या मते ते दुसऱ्या मॉनिटरवर घालावेत. एका पडद्यावर बिले आणि दुसऱ्यावर तक्ता ठेवून काम करणारा माणूस पुन्हा एका पडद्यावर यायला तयार होत नाही.

एक मुद्दा मात्र अण्णांच्या वेळी नव्हता, तो आज आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमचा संगणक त्याहून जुना असेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर त्यात डीडीआर-३ रॅमची मोठी भर घालू नये, कारण ती पुढच्या यंत्रात बसणार नाही. एसएसडी मात्र निर्धास्त घ्यावी; ती आज जुन्या संगणकातून काढून उद्या नव्यात लावता येते. म्हणून पुन्हा सांगतो, संगणक आधी कुठे अडतो ते पाहावे, आणि मग घेतलेला भाग पुढच्या यंत्रात चालेल का, हेही पाहावे.

येत्या रविवारी वायर काढून पत्रा उघडा, बोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक, रॅमचे स्लॉट आणि रॅमवरची चिठ्ठी यांचे मोबाइलवर फोटो काढा, आणि ते घेऊनच दुकानात जा. मी तर आता फोटो दाखवल्याशिवाय काउंटरवर तोंडच उघडत नाही, आणि चष्माही घरूनच लावून निघतो. नमस्कार.