घडीवर घडी

[लाकडी टेबल. लाल कागद. दोन हात.]

हा १५ सेंटिमीटरचा चौकोन. एक बाजू लाल, दुसरी पांढरी. जवळ कात्री नाही, डिंक नाही. या एका कागदाचा आता क्रौंच पक्षी होणार आहे. घडीकामाचे व्हिडिओ बहुतेक वेळा पळवून दाखवतात. आम्ही हातांचा वेग जराही वाढवलेला नाही, मागे संगीतही लावलेलं नाही. ऐकू येतोय तो कागदाचाच आवाज.

पहिली घडी कर्णावर. कोपऱ्यावर कोपरा आणायचा.

इथे नीट बघा. कागद वाकलाय, पण अजून दाबलेला नाही. वरचा कोपरा केसभर डावीकडे आहे. बोट त्याला हलकेच सरकवतं. थोडं जास्त झालं. पुन्हा मागे. आता जुळला. आणि मगच अंगठ्याचं नख फिरतं, आधी मधोमध, मग एका कडेला, मग दुसऱ्या.

या दोन-तीन सेकंदांसाठी ही फिल्म केली आहे. कोपरा जुळतोय की नाही, एवढं एकच बघायचं असतं तेव्हा मनात दुसरं काही शिरायला जागाच उरत नाही. दोन्ही हात गुंतलेले. डोळे एका टोकावर. आणि या खांद्यांकडे बघा. सुरुवातीला ते वर चढलेले होते. त्यांना खाली घ्या असं कुणी सांगितलं नव्हतं.

[उजेडासमोर धरलेला कागद. फाटलेली कड, अगदी जवळून.]

ओरु म्हणजे दुमडणं, कामी म्हणजे कागद. दोन्ही जपानी शब्द मिळून ओरिगामी.

हा वेगळा कागद आहे. वाशी, जपानी हातकागद. उजेडासमोर धरला की आतले तंतू दिसतात, लांबच लांब, एकमेकांत अडकलेले. ते येतात कोझो नावाच्या झुडपातून. तुतीच्याच कुळातलं हे झुडूप. त्याची आतली साल शिजवतात, धुतात, कुटून कुटून तिचा लगदा करतात आणि तो पाण्यात पसरतात. मग चौकटीत बसवलेली बारीक जाळी त्या पाण्यात बुडवून हलवत राहायची. पुढे-मागे, पुढे-मागे. पाणी गळून जातं, जाळीवर तंतूंचा पातळ थर राहतो. तोच कागद. तंतू लांब असल्यामुळे तो घडीवर सहज तुटत नाही. कोझोपासून हाताने असा कागद करण्याची कला २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. शिकायला मात्र वाशीच हवा असं अजिबात नाही. वहीचं पान चौकोनी करून घेतलं तरी पुरतं.

[जुन्या पुस्तकाचं पान. एकमेकांना चोचीने, पंखांनी जोडलेले क्रौंच.]

हे पान १७९७ सालच्या जपानी पुस्तकातलं आहे. नाव ‘हिदेन सेम्बाझुरु ओरिकाता’. एकाच कागदाला योग्य जागी चिरा देऊन, एकमेकांना जोडलेले क्रौंच घडवण्याचे ४९ प्रकार यात आहेत. दोन पक्ष्यांना जोडणारा कागद जेमतेम टोकाएवढा असतो. तो फाटू न देता सगळे पक्षी पूर्ण करायचे. करून बघितल्याशिवाय त्यातला धीर कळत नाही.

[रेखाचित्रं. तुटक रेषा, बाण.]

आणि ही आजची ओरिगामीची लिपी. अकिरा योशिझावा यांची. जन्म १९११. तरुणपणी कारखान्यात काम करत, तिथल्या नवख्या कामगारांना भूमिती समजावताना ते कागद दुमडून दाखवायचे. पुढे नोकरी सोडून याच्याच मागे लागले आणि कित्येक वर्षं हलाखीत काढली. युद्धाच्या काळात सैन्याच्या वैद्यकीय पथकात होते, तेव्हा आजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून कागदाच्या आकृत्या करत. १९५४ साली त्यांचं पुस्तक आलं आणि त्यात या खुणा होत्या. तुटक रेषा म्हणजे दरी, घडी आत जाते. रेघ आणि ठिपका म्हणजे डोंगर, घडी वर येते. बाण दिशा सांगतो. जपानी येत नसलं तरी चालतं. हा कागद ओलसर करून घडवलेला. तीही त्यांचीच रीत. जाड कागद किंचित भिजवला की बोटांनी त्याला गोलाई देता येते, आणि वाळल्यावर ती तशीच राहते.

याच घडीविद्येतून पुढे अंतराळात उलगडणारी, उन्हातून वीज करणारी सौर पॅनेलही आली.

[पुन्हा टेबल. चौकोनी पाया.]

आपला लाल कागद आता लहान चौकोनात मिटलाय. पुढची पाकळीघडी. नव्या माणसाचा हात इथे अडखळतो. वरचा एकच पदर उचलायचा, तो वर नेत नेत पूर्ण मागे टाकायचा, आणि दोन्ही कडा आपोआप आत वळू द्यायच्या. मध्ये कागद फुगतो. चुरगळणार असं वाटतं. इथे घाई केली की तो खरंच चुरगळतो. आधी पाडून ठेवलेल्या खुणांवर कागद स्वतःच बसतो, आपण नुसतं धरून राहायचं.

बघा, डावी कड थोडी वाकडी बसली. हात थांबले. उलगडलं. नव्याने घातली. जुनी रेघ मात्र राहिली, ती पांढरट दिसते ना, तीच. घडी पुसता येत नाही. पण तिच्याशेजारी दुसरी नीट घालता येते, आणि पक्षी त्यावरही उभा राहतो.

मनावर खूप ओझं असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. घडी ही उपचाराची जागा घेत नाही. दिवसातून एक कागद, एवढंच तिचं मागणं आहे.

[हिरोशिमा. बाल शांती स्मारक. काचेमागे कागदी क्रौंचांच्या रंगीत माळा.]

हजार क्रौंच घडवले की मनातली इच्छा पुरी होते, असं जपानमध्ये मानतात. सादाको सासाकी अणुबॉम्ब पडला तेव्हा २ वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. रुग्णालयात ती औषधांच्या पुड्यांच्या कागदांचेही क्रौंच करायची. २५ ऑक्टोबर १९५५ ला ती गेली. वय १२. हे स्मारक १९५८ चं.

[२० सेकंद निवेदन नाही.]

[टेबल.]

मान. शेपूट. चोच, एवढीशी, नखाच्या टोकाने मोडलेली. पंख खाली येतात. दोन्ही पंख धरून हलकेच ओढले की पोट फुगतं.

पक्षी झाला.

आता हात तो उलगडतायत. एक एक पदर, आला त्याच वाटेने मागे. पुन्हा १५ सेंटिमीटरचा चौकोन. मघाशी कोरा होता, आता उजेड तिरपा पडला की रेषाच रेषा दिसतात, चांदणीसारख्या, मधोमध एकवटलेल्या. ही पहिली, कर्णाची. ती तिकडे, चुकलेली.

हात पुन्हा घडवायला घेतात. या वेळी नख फिरवावं लागत नाही. बोट लागलं की कागद आपसूक वळतोय.