नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली सही करताना जोतीरावांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली असून पत्ता पेठ जुना गंज असा लिहिला आहे. सत्यशोधक समाजाच्या संस्थापकाने सहीपुढे सभासदपद लिहावे, ही गोष्ट त्यांचे चरित्र वाचणाऱ्याने सहज ओलांडून जाऊ नये. आजच्या व्याख्यानात मी त्यांच्या आयुष्याच्या याच बाजूविषयी बोलणार आहे.

१८२७ साली जन्मलेले जोतीराव फुलांचा व्यवसाय करणाऱ्या माळी घराण्यातले. १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणारे आणि १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणारे हे गृहस्थ पोटापाण्यासाठी बांधकामाची कंत्राटे घेत, मुळा-मुठेवरील धरणाच्या कामाला साहित्य पुरवीत आणि शेतीही करीत. कंत्राटदार आणि नगरसेवक हे शब्द एकत्र आले की आज आपण गालात हसतो. पण दगड-चुन्याचा भाव ठाऊक असलेला माणूस सार्वजनिक खर्चाकडे वेगळ्या नजरेने पाहतो, हेही मान्य करावे लागेल.

१८७६ मध्ये ते नगरपालिकेत आले ते मतदारांच्या पाठबळावर नव्हे, सरकारच्या नेमणुकीने. त्यामुळे लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीचा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. हे तेच लिटन, ज्यांच्या कारकिर्दीत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि १८७८ च्या कायद्याने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. बत्तीस सरकारनियुक्त सभासदांपैकी विरोधी मत त्यांचे एकट्याचे पडले. ज्या सरकारने खुर्ची दिली, त्याच सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या सन्मानाला त्यांनी नकार दिला, आणि ती खुर्ची काढून घेतली गेली असती तर त्यांची बाजू घ्यायला कोणताही वॉर्ड पुढे येणार नव्हता. निवडून आलेल्या सभासदाच्या बंडखोरीपेक्षा हे धैर्य मोठे आहे, असे माझे मत आहे.

१८८० मध्ये शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हाही त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली आणि किती दुकाने उघडली याची माहिती मागितली. नगरपालिका आरोग्यावर खर्च करीत असताना नागरिकांच्या आरोग्याचा नाश करणारी दुकाने कशी चालू द्यायची, हा त्यांचा मुद्दा एका दक्ष सभासदाचाच होता.

मंडईचा वाद याच धर्तीचा. भव्य बाजार बांधण्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असा आग्रह त्यांनी धरला, पण तो मानला गेला नाही आणि १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ सुरू झाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याचे नाव महात्मा फुले मंडई झाले. म्हणजे त्या इमारतीला आज ज्याचे नाव आहे, तो तिच्यावरच्या खर्चाला विरोध करणारा सभासद होता. मंडईत रोज भाजी घेणाऱ्या पुणेकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.